माझा डावा इंडिकेटर लागत नव्हता

मी एक स्कूटर आहे. हिरवी. म्हणजे एके काळी हिरवी; आता ऊन खाऊन माझा रंग उरलेल्या चहासारखा झालाय. आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की लपवली. माझ्या टाकीत पेट्रोल कधी असायचं, कधी नसायचं, मत्सर मात्र कायम काठोकाठ.

एकोणीस वर्षांपूर्वी ताइनान शहरात च्याओ-मेईने मला विकत घेतलं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि बाजाराच्या गल्लीत तिने कपडे उसवून-शिवून देण्याचा गाळा नुकताच मांडला होता. दुकानदार म्हणाला, "बाईमाणसाला पांढरी शोभते." ती म्हणाली, "पांढरी माझ्याकडे चार दिवसांत मळेल. ती कोपऱ्यातली हिरवी काढा." कोपऱ्यातली हिरवी म्हणजे मी. त्या दिवसापासून पांढऱ्या रंगाच्या कुठल्याही गाडीकडे मी जरा हिणवूनच बघत आले. त्याचं फळ मला पुढे मिळालं.

तिची मुलगी पेई-रोंग माझ्या पुढच्या फळीवर उभी राहून शाळेत गेली, मग मागच्या सीटवर बसून कॉलेजला गेली, मग काओश्युंगला वकिलांच्या कचेरीत नोकरीला लागली आणि रेल्वेने जाऊ लागली. कापडाचे तागे, देवळातले नैवेद्याचे डबे, आजारी शेजारीण, सगळं मी वाहिलं. पण तिचं खरं प्रेम होतं त्या शिलाई मशीनवर. रोज सकाळी ती आधी तिला पुसायची, दोन थेंब तेल द्यायची, दुपारी जेवायला उठली तरी तिच्यावर फुलाफुलांचं कापड घालायची. मला? मला दुकानाबाहेर ओट्याच्या छपराखाली उभी करायची, तीही अर्धी आत, अर्धी बाहेर. पावसात माझं अर्धं अंग भिजायचं आणि ती बया आत फुलांखाली झोपलेली. एकोणीस वर्षं मी हे पाहिलंय, त्यामुळे मला कुणी मोठ्या मनाचे धडे देऊ नयेत.

गेल्या जुलैत तिने मला फा मिस्त्रीकडे ऑइल बदलायला नेलं. फा मिस्त्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मेईताई, मागचा डावा इंडिकेटर गेलाय. दहा मिनिटं थांबा, बल्ब बसवून देतो."

"आज नको रे. सहा झगे आहेत लग्नाचे, नवरीची आई डोक्यावर बसलीय. पुढच्या वेळी."

"टिकटिक बघा, दुप्पट वेगाने होतेय. गाडी सांगतेय तुम्हाला."

"गाडी काय, सगळेच मला काही ना काही सांगत असतात," ती हसली आणि निघाली.

मी खरोखरच सांगत होते. डावं बटण दाबलं की माझी टिकटिक घाईघाईने व्हायची, दारावर कुणी थापा मारतंय तशी. पण तिच्या डोक्यात झग्यांच्या चुण्या होत्या.

सप्टेंबरात, चंद्रोत्सवाच्या आदल्या आठवड्यात, सकाळी पावणेबाराला आम्ही झग्यांना लावायच्या चेनांची पेटी घेऊन परत येत होतो. आमच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळावं लागतं, आणि आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे अख्खा रस्ता कापून. तिने अंगठ्याने बटण दाबलं. आरशात पाहिलं. मागे बऱ्याच लांब एक पांढरी स्कूटर होती. च्याओ-मेई वळली.

ती लांबची पांढरी स्कूटर डोळ्याचं पातं लवायच्या आत आमच्या डाव्या अंगाला होती. चौकात, रेषा ओलांडून, ओव्हरटेक करत. धडक बसली तेव्हा मला आधी आवाज आला नाही, आधी वास आला. माशाच्या सूपचा. डिलिव्हरीवाल्याच्या खोक्यातली दोन वाडगी माझ्या इंजिनावर सांडली होती. च्याओ-मेई उजवीकडे पडली, उजवा हात टेकून. तिने आरडाओरडा केला नाही. मनगटाकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "हा कामाचा हात."

डिलिव्हरीवाला ल्याओ चिन-शुई. सत्तेचाळीस वर्षांचा, पूर्वी छापखान्यात होता. छापखाना बंद पडल्यावर खोकं पाठीला लावलं. त्याचा गुडघा फुटला होता तरी लंगडत तो आधी तिच्याकडे आला. "ताई, हलू नका, हलू नका. मी फोन केलाय." तोपर्यंत चांगला वागला. मग पोलीस आले.

त्यांनी दोघांना फुंकायला लावलं, आमच्या दोघींच्या चाकांभोवती रंगाच्या रेघा मारल्या, फोटो काढले. एकाने विचारलं, "बाई, इंडिकेटर दिला होता?"

"दिला होता."

"नव्हता दिला हो, साहेब!" ल्याओ फुटपाथवरून ओरडला. "दिला असता तर मी बाजूने घातली असती का?"

"मी खोटं बोलतेय होय रे?"

"मी तरी कशाला बोलू?"

पोलीस शांतपणे म्हणाला, "दोघांचंही लिहून घेतो. चूक कुणाची ते आम्ही रस्त्यात उभं राहून ठरवत नाही. कॅमेरा आहे का कुणाच्या गाडीला?"

होता. त्या पांढरीच्या आरशाखाली, अंगठ्याएवढा. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. पोलिसाने रुमालाने तिची काच पुसली. माझ्याकडे कुणी बघेना. घडलेलं सगळं मला माहीत होतं, आतल्या वायरीपासून बाहेरच्या ओरखड्यापर्यंत, पण विचारलं त्या अंगठ्याएवढ्या डोळ्याला. नवी, विजेवर चालणारी, आवाज न करणारी, वर साक्षीदारही स्वतःचा बाळगणारी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सूपही अजून गरम होतं.

मला फा मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. पेई-रोंग त्याच दुपारी काओश्युंगहून आली. हॉस्पिटलातून आईला घेऊन थेट शेडमध्ये आली, माझे तीसेक फोटो काढले आणि फर्मान सोडलं.

"फाकाका, हिला हात लावायचा नाही. ही पुरावा आहे. आई, तू कुठंही सही करायची नाहीस. त्याच्या डिलिव्हरी कंपनीचा फोन आला तर म्हणायचं, मुलीशी बोला. हॉस्पिटलचा प्रत्येक कागद या पाकिटात. तो खर्च सक्तीच्या विम्यातून मिळेल, त्याची काळजी नाही. प्रश्न आहे तो तुझ्या बंद पडलेल्या कामाचा. आणि फौजदारी तक्रारीला सहा महिन्यांची मुदत आहे. ते विसरायचं नाही."

"त्या माणसाचा गुडघा कसा आहे?" च्याओ-मेईने विचारलं.

"आई, त्याची चौकशी करायची नाही!"

पुरावा! मला तो शब्द आवडला. पहिल्यांदाच मी शिलाई मशीनपेक्षा महत्त्वाची झाले होते. पण पुराव्याचं जिणं काय असतं ते दोन आठवड्यांत कळलं. पुराव्याला कुणी पुसत नाही. सूप माझ्यावर वाळलं, मुंग्या आल्या, गल्लीतली मांजरं येऊन मला चाटून गेली. तिकडे ती पांढरी दहा दिवसांत दुरुस्त होऊन रस्त्यावर फिरायला लागली, कारण म्हणे तिच्या मालकाचं पोट तिच्यावर आहे.

महिन्याभराने पोलिसांचा प्राथमिक अहवाल आला. पेई-रोंगने तो शेडमध्येच वाचून दाखवला. मागून येणाऱ्याने चौकात ओव्हरटेक केलं, वेगही जास्त, हे मुख्य कारण. पुढच्या गाडीने इंडिकेटर दिला होता की नाही, हे उन्हाच्या चमकेमुळे चित्रणात स्पष्ट होत नाही.

स्पष्ट होत नाही! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढा कौतुकाचा डोळा, आणि उन्हाने दिपला!

च्याओ-मेई मात्र खूश दिसेना. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती स्टुलावर बसली होती. फा मिस्त्री पान्हा पुसत हळूच म्हणाला, "मेईताई, जुलैतलं आठवतंय ना?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला तेव्हाच आठवलं, माझ्यासमोर. तिचा चेहरा सुईत दोरा न गेल्यासारखा झाला.

"काय जुलैतलं?" पेई-रोंगने विचारलं. मिस्त्रीने सांगितलं. ती म्हणाली, "काका, बल्ब आता फुटलेला आहे ना?"

"आहे."

"टकरीत फुटला. एवढंच लिहून द्या. त्यात खोटं काय?"

"काच टकरीत फुटली, पोरी. आतली तार आधीच काळी पडलेली."

"तारेबद्दल कुणी विचारलंय?"

मिस्त्रीने च्याओ-मेईकडे पाहिलं. ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. आणि मी? मी मनोमन म्हणत होते, लिही रे बाबा, लिही. मला ल्याओचं काही पडलं नव्हतं. त्या पांढरीला खाली बघायला लागावं एवढंच हवं होतं.

नोव्हेंबरात एका दुपारी ल्याओच शेडमध्ये आला, ब्रेक घट्ट करायला. च्याओ-मेई तिथेच होती. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच जुळलं होतं. दोघंही ओशाळले.

"ताई, हात कसा आहे?"

"पोरगी म्हणते, तुझ्याशी बोलायचं नाही."

"माझी बायकोपण तेच म्हणते. माफी मागितलीस तर चूक कबूल केल्यासारखं होईल म्हणते."

"मग मागू नको."

"नाही मागत."

दोघंही हसले. मग तो म्हणाला, "कंपनीने माझं खातं बंद केलंय. अपघाताची जबाबदारी माझी एकट्याची म्हणतात. सध्या भाजीबाजारात खोकी पोचवतोय." जाताना त्याने एक पपनस तिच्या स्टुलापाशी ठेवलं. तिने ते घरी नेलं. पेई-रोंगला सांगितलं नसावं.

जिल्हा कचेरीत समेट समितीच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीला कंपनी आलीच नाही. दुसऱ्या वेळी पत्र आलं. तिसऱ्या वेळी इस्त्रीच्या शर्टातली एक तरुण बाई आली. त्या दिवशी समितीला गाड्यांचं नुकसान बघायचं होतं, म्हणून मला टेम्पोत घालून नेलं आणि तळमजल्यावरच्या खिडकीखाली उभं केलं. शेजारी कोण? तीच. पांढरी, चकचकीत, आरशाखाली डोळा मिचकावत. मी माझं वाकलेलं हँडल दुसरीकडे वळवायला बघत होते, पण ते वळेना.

एसी बिघडला होता, खिडकी उघडी होती. त्यामुळे सगळं ऐकलं.

समितीचे गुओ सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कंपनीच्या बाईला बोलायला सांगितलं.

"ल्याओ आमचे नोकर नाहीत," ती म्हणाली. "ते आमचे स्वतंत्र भागीदार आहेत. ऑर्डर घ्यायची की नाही, ही त्यांची मर्जी."

"मग अकरा अडतीसला यांना 'उशीर होतोय' असा निरोप कुणी धाडला? अकरा बेचाळीसला पुन्हा?"

"ती सिस्टीम असते, सर."

"माझ्या शाळेतली पोरंही खोडी काढून झाली की म्हणायची, ती चेंडूने केली."

च्याओ-मेई मध्येच म्हणाली, "आणि याच्या पाठीवर तुमचं नाव केवढं! असं जाकीट माझ्याकडे आलं असतं तर मी म्हटलं असतं, यात माणूस कमी अन् नाव जास्त."

दोन-तीन जण हसले. कंपनीची बाई हसली नाही. कागद उलटत राहिली. मग गुओ सर ल्याओकडे वळले. "तुमचा जबाब आहे की इंडिकेटर लागला नव्हता."

ल्याओ खाकरला. मग म्हणाला, "सर, ते मी सोडून देतो. तीन महिने डोळे मिटले की मी तोच चौक बघतोय. आधी पक्कं वाटायचं, लागला नव्हता. आता वाटतं, लागला असेल. मीच घाईत होतो. मलाच दिसला नसेल. ताईंना मी सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, त्याची माफी मागतो."

मी वाट बघत होते. झालं, आता सही, शिक्का, आणि जिंकलो आपण. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"लागला नव्हता," च्याओ-मेई म्हणाली.

"आई!"

"लागला नव्हता, सर. बटण मी दाबलं होतं, ते खरं. पण बल्ब जुलैपासूनच गेलेला. मिस्त्रीने सांगितलं होतं, मी म्हटलं, पुढच्या वेळी. या माणसाचे डोळे ठीक आहेत. त्याला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावून मी घरी जाऊन जेवू कशी?"

गुओ सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे लिहून घेतलं तर चुकीत तुमचा वाटा वाढतो. माहीत आहे ना?"

"पोरीने चार वेळा समजावलंय. घ्या लिहून."

माझ्यावर वीज पडली. एकोणीस वर्षांत चारचौघांत माझ्याबद्दल ती एक चांगला शब्द बोलली नव्हती, आणि बोलली तर हे! तेही त्या पांढरीच्या कानावर पडेल असं! मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं. कृतघ्न म्हटलं, बावळट म्हटलं.

आत ती अजून बोलत होती. "आणि गाडीला कुणी दोष देऊ नका. तिची टिकटिक बदलली होती. मला रोज ऐकू येत होती. मीच लक्ष दिलं नाही."

मला रोज ऐकू येत होती, म्हणाली. यापुढचं मी नीट ऐकलं नाही.

चौथ्या बैठकीत मिटलं. साठ टक्के चूक ल्याओची, चाळीस च्याओ-मेईची. ल्याओच्या वाट्याची भरपाई कंपनीच्या विम्यातून द्यायची. तो आपला नोकर आहे हे कंपनीने शेवटपर्यंत मान्य केलं नाही, पण कोर्टात गेलो तर ते उशिराचे निरोप मोठ्याने वाचले जातील हे त्या बाईला उमगलं होतं. ल्याओचं खातं पुन्हा उघडलं. च्याओ-मेईने फौजदारी तक्रार करणार नाही असं लिहून दिलं. कागद कोर्टाकडून मंजूर होऊन आला, म्हणजे निकालासारखाच पक्का. पेई-रोंग आईवर आठवडाभर रुसली होती. तिने मग फोन केला आणि म्हणाली, "तुझ्यासारखे अशील असले तर आमची कचेरी बंद पडेल." हे मी च्याओ-मेईकडूनच ऐकलं, ती शेजारणीला सांगत होती, आणि सांगताना तिला अभिमान लपवता येत नव्हता.

मनगट मात्र पुरतं बरं झालं नाही. ब्रेक दाबता येईना, बारीक टाके घालता येईनात. ती डाव्या हाताने कापायला शिकली, लग्नाचे झगे घेणं सोडलं, आणि समोरच्या घरातल्या सुनेला मशीनवर बसवलं. मशीनवर दुसरी बाई बसलेली पाहून एरवी मला आसुरी आनंद झाला असता. झाला नाही, कारण माझ्यावर त्याहून मोठं संकट आलं होतं.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहाला, मनगटाच्या व्यायामासाठी तिला हॉस्पिटलात जावं लागे. शेवटच्या बैठकीत ल्याओने स्वतःहून सांगितलं होतं, "ने-आण मी करेन." तो यायचा. कशावर, ते सांगायला नको.

मी पुन्हा ओट्यावर, अर्धी आत, अर्धी बाहेर. चौकट वाकलेली, दुरुस्तीपेक्षा नवी परवडेल असं मिस्त्रीने सांगितलेलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी बाई माझ्या सवतीच्या पाठीवर बसायची. पहिल्या दिवशी जरा अंग चोरून बसली. महिन्याभरात ऐसपैस बसायला लागली. एकदा तर वळणावर दोघं कशावर तरी खिदळत होती. ती पांढरी माझ्या अंगावरून आवाजही न करता गेली. निदान धूर तरी सोडायचा!

एप्रिल लागला. च्याओ-मेईने डाव्या हाताने माझी नंबरप्लेट सोडवली. स्क्रू गंजलेले, अर्धा तास लागला. मिस्त्री म्हणाला, "द्या, मी करतो." ती नको म्हणाली. मग सीटखालचा डबा रिकामा केला: रेनकोट, खडूचा तुकडा, एक गुंडाळी दोरा. दोरा तिने खिशात टाकला.

आज मंगळवार. भंगाराचा ट्रक दहाला दोन मिनिटं कमी असताना आला. दोन माणसांनी मला उचलून वर चढवलं, दोरीने बांधलं. तेवढ्यात ती आलीच, पांढरी, वेळेवर. च्याओ-मेई हेल्मेट घेऊन बाहेर आली. ट्रकपाशी थांबली. माझ्या सीटवर हात ठेवला, धूळ झटकतात तशी दोनदा थोपटली आणि गेली.

ऐक ग पांढरे. मला तू आवडत नाहीस, मरेपर्यंत आवडणार नाहीस. पण ट्रक सुटायच्या आत सांगते. ती बसली की आधी झगा सारखा करते. मग हेल्मेटचा पट्टा लावते, तो तिला एका झटक्यात कधीच लागत नाही, आणि आता तर हातही दुखरा. मग मानेला एक आळस देते. एवढं सगळं झालं की 'हं' म्हणते. ते 'हं' ऐकल्याशिवाय हलायचं नाही. ल्याओ घाई करेल, तुला तो निरोप येईल, उशीर होतोय म्हणून. येऊ दे. तू थांब. आणि तिला माझं नाव सांगू नकोस.

ट्रकचं इंजिन सुरू झालं. मला मागचं दिसत नव्हतं. पट्ट्याची खटपट ऐकू आली, एकदा, दोनदा. मग थोडा वेळ काहीच नाही.

"हं," ती म्हणाली.

आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने मी निघायला तयार झाले.